गरीसाठी कयाक : १५ हजारांची ट्यूबवाली, ४२ हजारांची साधी की दीड लाखाची पेडलवाली?

गरीवाला_पवनी

राम राम मंडळी,

गरी (म्हणजे गळ) टाकायचं वेड मला चौथीपासूनचं. इतकी वर्षं गावतलावाच्या पारीवर (बांधावर), नाहीतर वैनगंगेच्या खडकावर उकिडवं बसून टाकली. आता वय ४१, वजन ९२, घरचं कृषी केंद्र, आणि आठवड्यातली फक्त रविवारची सकाळ माझी. माझी गरी जिथे पडते त्याच्यापुढे बरोबर पंधरा हातांवर, कमळाच्या पानांच्या कडेला, मरळ उसळते. दर रविवारी. मुद्दाम करते असा माझा संशय आहे.

तर कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद छोटी होडी, घ्यायचं ठरवलं आहे. ऑनलाइन एक फुगवायची दिसते, दोन माणसांची, पंप आणि वल्ह्यांसकट १५ हजारांच्या आत. दुसरी आपल्याकडेच बनलेली कडक प्लास्टिकची दहा फुटी, वर बसायची, ४२ हजार सांगितले, ट्रान्सपोर्ट वेगळा. आणि जिच्यामुळे झोप उडाली आहे ती तिसरी. नागपूरच्या एका ओळखीच्यांकडे बाहेरून मागवलेली पेडलची कयाक आहे. पायाने चालवायची, हात गरीला मोकळे. चार वर्षं वापरलेली, दीड लाख म्हणतात.

बजेट ६० हजार. ताणून ८०. दीड लाखासाठी बायकोच्या आधी धानाला विचारावं लागेल.

पाणी म्हणाल तर मुख्यतः आमचा मामा तलाव, महिन्यातून एखादवेळी गोसेखुर्द धरणाचं बॅकवॉटर. गाडी बोलेरो. पोहता येतं, पण ते लहानपणी म्हशीची शेपटी धरून शिकलेलं.

अनुभवी लोकांनी बोलावं. "आधी पारीवरून नीट टाकायला शिका" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून.

सावजी_रस्सा

मासा खाणार की फोटो काढून सोडणार, ते आधी सांगा. सोडणार असाल तर १५ हजारसुद्धा जास्त आहेत.

गरीवाला_पवनी

खाणार. मरळ सोडणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

डोंगावाला

भाऊ, कयाक मंग घ्या. पहिले तलाव कोणाचा ते विचारा.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदाराइचे. मालगुजारी गेली १९५१ च्या सुमारास, तलाव सरकारचे झाले, पण त्यातल्या माशाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असते. पावसाळ्यात रोहू, कतला, मिरगलचं बीज आमी पैसे मोजून सोडतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं का जाळं पडते, त्याच्यावर घर चालते. तुमी रविवारी येऊन दोन किलोचा कतला नेला, तर तुमाले तो नशिबानं भेटला, आमाले तो हिशेबात कमी दिसते.

मरळ बीजाची नसते, ते तलावाचीच. तिच्यासाठी सहसा कोणी आडवं येत नाही, पण विचारून. संस्थेच्या अध्यक्षाले भेटा. पावती देत असंन तर घ्या, नसंन देत तर चहा पाजा. अन् पावसाळ्यात लालसर पिल्लाइचा घोळका वर दिसला का समजा खाली मायबाप राखणीले आहेत. तवा गरी नका टाकू. ते धरले का सगळी पिल्लं दुसऱ्या माशाच्या पोटात.

टोतलाडोह धरणाकडे तर कयाक घेऊन जाऊच नका. तो पेंच राष्ट्रीय उद्यानात येते, तिथं मासेमारीले बंदी आहे. मासा दीडशेचा, वकील किती ते पाहून घ्या.

राहिली तुमची पंधरा हजाराची ट्यूब. आमी ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातात ताटली घेऊन वल्हवत जाळे लावले. तिच्याले अजून कोणी ऑनलाइन टाकलं नाही.

तळ्याकाठी

माझ्याकडे तसलीच फुगवायची होती. कंपनीचं नाव घेत नाही, चूक निम्मी माझी होती.

पहिले सहा महिने मी तिच्या प्रेमात होतो. डिकीत मावते, दहा मिनिटांत फुगते, पाण्यावर बदकासारखी बसते. पंधरा-सोळा किलो वजन, खांद्यावर टाकून एकटा पार चढून जात होतो.

मग दिवाळीनंतरचा एक रविवार. तलावात शिंगाड्याची वेल होती आणि मी कडेकडेने घुसलो, कारण मरळ तिथेच असते. शिंगाड्याचं फळ सगळ्यांनी पाहिलं आहे. दोन बाजूंना दोन काटे, बैलाच्या शिंगांसारखे. हिरवं असताना बोटाला टोचतं, आणि पिकून तळाशी पडलेलं काळं फळ म्हणजे खिळाच. पाणी गुडघाभर. 'फुस्स' असा आवाजही आला नाही. मांडीखाली गार लागलं, म्हटलं वल्ह्याचं पाणी असेल. थोड्या वेळाने गुडघे छातीकडे यायला लागले. बूड मऊ पडून मी मधोमध घडी होत होतो. बाजूचे दोन कप्पे टिकले म्हणून बसल्या जागी बुडालो नाही. उतरलो तर मांडीपर्यंत चिखल. ओढत आणली.

घरी साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक नाही, चार भोकं. एकात काट्याचं टोक तसंच रुतलेलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. ते टोक मी आगपेटीत घालून बरेच दिवस ठेवलं होतं, का ते विचारू नका.

पॅच बसतो. बसलाही. पण त्यानंतर मी माशाकडे बघायचं सोडून पाण्याखाली काय आहे तेच बघत बसलो. काठावर बाभळीचा काटा, पाण्यात शिंगाडा, आणि मिशीवाला मासा लागला तर त्याच्या कल्ल्यामागचा काटा. एवढ्या काट्यांत माणूस शांतपणे गरी टाकू शकत नाही. गोसेखुर्दच्या वाऱ्यात तर ती पळसाच्या पानासारखी फिरते, दोन वल्ही मारली की तोंड पवनीकडून नागपूरकडे.

वर्षभराने विकली. आता पारीवर बसतो.

भौतिक_मास्तर

तळ्याकाठी, तुमच्या चार भोकांना माझ्याकडून उन्हाची भर घालतो.

पहाटे ५ वाजता २७ अंशांत तुम्ही कयाक पूर्ण फुगवली. दहाला परत आलात, हवा न काढता उन्हात उलटी टाकली आणि चहाला गेलात. गडद रंगाचं प्लास्टिक मे महिन्यात सहज ६० अंशांवर जातं. केल्व्हिनमध्ये ३०० चे ३३३ झाले, म्हणजे दाब ११ टक्के वाढला. लोक म्हणतात ११ टक्के तर आहे! पण हा ११ टक्के एकूण दाबावर धरायचा, वातावरणाचा धरून. बाहेर साधारण साडेचौदा पीएसआय (हे दाबाचं माप), आत तुम्ही वरून भरला एक. एकूण साडेपंधरा. त्याचे झाले १७.२. बाहेरचे साडेचौदा वजा केले की वरचा दाब उरला २.७. म्हणजे एकाचा पावणेतीनपट. प्लास्टिक थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात तितका जात नाही, पण शिवण आधी ताणते आणि मग सुटते.

म्हणून उन्हातून ठेवताना हवा सोडायची, पाण्यावर जाताना पहाटे थोडी कमी भरायची. आणि थंड पाण्यात घातली की ती मऊ पडते, तेव्हा भोक पडलं असं समजून घाबरायचं नाही.

दहावीच्या पोरांना हेच गणित सायकलच्या ट्यूबवर घालतो. पुढच्या वर्षी कयाकवर घालीन.

उमरेड_ते_ह्यूस्टन

मूळचा उमरेडकडचा, सध्या टेक्सास. सहा वर्षं पेडलवाली वापरतो आहे, म्हणून तिसऱ्या पर्यायावर थोडं सविस्तर.

पेडलचे दोन प्रकार. होबी कंपनीने १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह आणला. त्यात पंखा नाही. खाली दोन पर असतात, पेंग्विनच्या पंखांसारखे, पाय पुढेमागे दाबले की ते पाण्यात डावी-उजवीकडे झापतात. बाकी बऱ्याच कंपन्यांचं पेडल सायकलसारखं गोल फिरवायचं आणि खाली प्रोपेलर. तुमची कोणती ते आधी विचारा, कारण आपल्या तलावात फरक तिथेच पडतो. मिराजचा एक पाय पुढे दाबून धरला की पर बुडाला चिकटतात, उथळातून सरकता येतं. प्रोपेलरवाली उथळात आली की ड्राइव्ह वर उचलून घ्यावा लागतो.

आता पैसा जातो कुठे. पेडल खातो मोठा वाटा. मग खुर्ची. खुर्चीला हसू नका, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जाळी ताणलेली उंच खुर्ची आणि प्लास्टिकच्या खळग्यातली पातळ गादी यातला फरक तीन तासांनंतर कंबर सांगते. मग रुंदी, उभं राहता येईल इतकी. मग रॉड, फिशफाइंडर (पाण्याखालचा मासा दाखवणारं यंत्र) वगैरे बसवायच्या पट्ट्या. आणि गंमत अशी की खालचं प्लास्टिक बहुतेक वेळा तेच. पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालून, साचा तापवत फिरवून केलेलं. हजार डॉलरची काय आणि पाच हजारांची काय, दगडावर घासली की ओरखडा सारखाच पडतो.

माझ्या पेडलवालीचं खरं दुखणं वजन. सगळं लावून साठ किलोच्या वर जाते. इथे तळ्याकाठी सिमेंटचा उतार असतो, गाडीमागे ट्रेलर, तो पाण्यात उलटा घातला की कयाक आपोआप तरंगते. आमच्या उमरेडच्या तलावाला मी कधी उतार पाहिला नाही. पार, आणि पारीवर बेशरमची झुडपं.

वहनक्षमता म्हणून जो आकडा लिहिलेला असतो तो बऱ्याचदा पाणी काठापर्यंत यायच्या बेताचा असतो. त्याच्या सत्तर टक्क्यांत राहायचं. तुम्ही ९२, सामान-पाणी-मासा १८ धरा, झाले ११०. म्हणजे १६० किलोच्या खाली लिहिलेली कयाक बघूच नका. बसल्या जागी बूड ओलं राहिलं तर सकाळ वाया जाते.

गरीवाला_पवनी

उभं राहून टाकता येतं का हो? मरळीसाठी बेडूक (आमिष म्हणून) ओढायचा तर उंचावरून पाणी दिसायला हवं.

उमरेड_ते_ह्यूस्टन

३० इंच रुंदीची असेल तर बसूनच टाका. ३४ च्या पुढे उभं राहणं शक्य, पण ९२ किलोला ३६ बरं. यात एक फसवणूक आहे. सपाट बुडाची कयाक शांत पाण्यात पाटासारखी घट्ट वाटते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की एकदम उलटते, आधी सांगत नाही. गोलसर बुडाची बसल्याबरोबर डुलते, माणूस घाबरतो, पण बरीच कलूनही सावरते. दुकानात सगळ्यांना पहिली आवडते.

आणि तलावात बेडूक ओढायला उभं राहायची गरज किती? डोंगावाले भाऊ ट्यूबवर बसून मरळ काढतात.

डोंगावाला

काढतो. पण आमी गरीनं नाही, जाळ्यानं काढतो. गरीनं मरळ काढणं म्हणजे रिकाम्या माणसाचं काम.

वैनगंगाकाठ

प्रोपेलरवाल्या पेडलची हकिगत ऐका, मग दीड लाख द्या.

मित्राची होती, दोन दिवसांसाठी आणली. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला उतरलो. पहिला अर्धा तास स्वर्ग. पाय चालतात, हात मोकळे, वाऱ्यात जागा सोडत नाही, हवी तिथे उभी. वल्हवणाऱ्याला हे सुख कळणार नाही. वल्हं ठेवून रॉड उचलेपर्यंत वारा त्याला दहा हात नेतो.

मग बुडीत भागाकडे गेलो. तिथे पाण्याखाली झाडांची खोडं आहेत, आणि खोडांना बांधून जाळी लावलेली असतात. वर तरंगणारं खूण म्हणून काय, तर एक पाण्याची रिकामी बाटली. पेडल एकदम जड झाला. मला वाटलं चिला, म्हणजे पाण्यातलं गवत, अडकला. जोर केला. तीच चूक. जोर केला तसं जाळं प्रोपेलरच्या दांड्यावर गुंडाळत गेलं, घट्ट, सुताच्या गुंडीसारखं. ड्राइव्ह वर ओढायला गेलो तर जाळ्यासकट निम्म्यावर अडकला. वाऱ्याने कयाक आडवी, मी कुशीवर ओणवा, हातात सुरी. सुरी चालवताना पाण्याखाली एक कतला दिसला, जाळ्यात, माझ्याकडे बघत.

चाळीसेक मिनिटांनी जाळेवाला ट्यूबवर आला. शिव्या नाही दिल्या, ते जास्त लागलं. त्याने हाताने वीस मिनिटांत सोडवलं, जिथे मी कापलं होतं ते भोक पसरून दाखवलं, आणि एवढंच म्हणाला, "साहेब, पायानं चालते तर खाली पाहून चालवा." नुकसानीचे पैसे दिले. कमीच दिले असं आजही वाटतं.

मामा तलावात तर चिला, कमळ, देवधान सगळंच. महिनाभर तुमचा रविवार पंख्यातून गवत काढण्यात जाईल.

ब्रह्मपुरीकर

सगळे पुरुष किंमत, पेडल आणि रुंदीवर बोलत आहेत. पारीवर चढवणार कोण, हे एकानेही विचारलं नाही.

माझ्याकडे साधी दहा फुटी आहे, कडक प्लास्टिकची, वर बसायची. २५ किलो. मी ५४. एकटी नेते. कशी, तर भंगारातली लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं, एक पाइपाचा तुकडा आणि जुन्या सतरंजीची गादी. मागचं टोक त्यावर, पुढचं हातात. शेताच्या धुऱ्यावरून, पारीवरून, सगळीकडे जाते. बोलेरोच्या टपावर चढवताना मागचं टोक आधी टेकवायचं आणि मग ढकलायची, पूर्ण वजन कधीच उचलायचं नाही. दोरी आवळून उन्हात ठेवू नका, तापलेलं प्लास्टिक पट्ट्याच्या जागी खोलगट होतं आणि मग कायम तसंच.

फजिती माझीही आहे. अशा कयाकीच्या शेपटीला पाणी काढायचं बूच असतं. धुऊन वाळवताना काढलं होतं. तलावावर गेले, उतरले, अर्ध्या तासाने वाटलं आज कयाक जड चालते. वारा असेल. तासाभराने मागचं टोक पाण्यात आणि पुढचं आकाशाकडे. वल्हवत काठाशी आले, उलटी केली तर भळाभळा पाणी. बूच स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं. आता गाडीच्या किल्लीलाच दुसरं बूच बांधून ठेवते. (बसायच्या जागेतली भोकं वेगळी. ती आरपार असतात, वर आलेलं पाणी त्यातून खाली जातं. बूच विसरलं की मात्र पोटात शिरतं.)

लाइफ जॅकेट. यावर मी भांडते. ५० न्यूटनचं म्हणजे पोहता येणाऱ्याला आधार, साधारण पाच किलोची उचल. १०० न्यूटनचं बेशुद्ध माणसालाही सहसा चेहरा वर करून धरतं. म्हशीच्या शेपटीवर शिकलेल्यांनी दुसरं घ्यावं. पेडलपेक्षा आधी. आणि घातलेलं असावं, खुर्चीमागे टांगलेलं नाही.

आणि पहिल्या दिवशी गरी घरी ठेवा. छातीभर पाण्यात मुद्दाम उलटा, आणि पुन्हा चढून दाखवा. मधोमध पोट टाकायचं, पाय मारायचे, मग वळून बसायचं. मला पाचव्यांदा जमलं. काठावर म्हशी चारणारा पोरगा हसत होता. हसू द्या.

पाइपवाला

माझा धंदा शेतातल्या एचडीपीई पाइपांचा, तुषार, ठिबक वगैरे. कयाक चालवली नाही, पण ते प्लास्टिक माझ्या हाताखालचं आहे.

घराच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी आणि ही कडक कयाक, दोन्ही एकाच रीतीने बनतात. त्यामुळे चीर गेली तर घाबरू नका, पण फेविक्विक, एमसील, काहीही लावू नका. पॉलिथिलीनला साधा कुठलाच गोंद धरत नाही, तासाभरात खपलीसारखा निघतो. त्याच प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंग करावं लागतं. पाइप जोडणारा माणूस दर तालुक्याला आहे. कांडी जुळली पाहिजे एवढंच.

जुनी बघायला गेलात तर बूच काढून नाक लावा. आत बुरशीचा वास म्हणजे पाणी राहतं. मग बूच लावून अर्धी बादली पाणी आत टाका, कयाक चहूकडे कलवा, बाहेरून ओलं कुठे होतं बघा. शेपटीचा खालचा भाग बोटांनी दाबा, ओढून ओढून तिथेच पातळ झालेली असते. रंग उडून पांढुरका झाला आणि नखाने खरडल्यावर भुकटी आली तर ऊन लागून मेलेलं प्लास्टिक आहे, फुकट मिळाली तरी नको. रंग शाबूत असेल तर ओरखडे कितीही असू द्या.

पेडलवाल्यात अजून एक. गिअर किंवा पराचा दांडा मोडला तर पार्ट कुठून? माझ्याकडे साध्या रेनगनचा पार्ट यायला पंधरा दिवस लागतात.

सावजी_रस्सा

अवांतर : ब्रह्मपुरीकर ताई, किल्लीला बूच बांधायची आयडिया पेटंट करा.

धानकरी

वाचतोय. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून. मे-जूनच्या दुपारी आभाळ पश्चिमेकडून काळं व्हायला लागलं की अर्धा तासही मिळत नाही. आधी वारा, मग वीज. तलावाच्या मधोमध सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही, आणि तुमच्या हातात कार्बनचा रॉड. कार्बनमधून वीज वाहते. रॉड आडवा ठेवा आणि काठ गाठा. पण काठावर झाडाखाली जाऊ नका. आमच्याकडे दरवर्षी बातम्या येतात, आणि बहुतेक वेळा झाडाखालच्याच.

वैनगंगाकाठ

+१. आणि नांगर मधोमध कुशीला बांधू नका. टोकाला बांधा, पुढच्या किंवा मागच्या. कुशीला बांधून धारेत अडकली की आडवी होऊन उलटते. गोसेखुर्दचे ३३ दरवाजे आहेत, पावसाळ्यात त्यातले किती उघडलेत हे धरणाच्या खालच्या बाजूला बसलेल्याला पाणी वाढल्यावरच कळतं. पावसाळ्यात तिकडे नकोच.

गरीवाला_पवनी

धागा वर काढतो. चार महिने झाले.

आधी नागपूरला जाऊन पेडलवाली पाहिली. देखणी आहे, खोटं कशाला बोलू. खुर्चीत बसलो तर उठू वाटेना. मग मालकाला म्हटलं, जरा टपावर चढवून पाहू. तो, मी, त्याचा ड्रायव्हर आणि शेजारचा वॉचमन. चढली. उतरवताना माझं कमरेचं जुनं दुखणं बोललं. प्रोपेलरवाली होती. परतीच्या रस्त्यात उमरेडला थांबून चहा घेतला आणि विषय संपवला. अजून कधीतरी रात्री तिच्या खुर्चीची आठवण येते.

घेतली ती कडक दहा फुटीच, पण जुनी. एकाने रिसॉर्टसाठी चार आणल्या होत्या, रिसॉर्ट चाललं नाही. २८ हजारांत, ३३ इंच रुंद, १७० किलो वहनक्षमता. पाइपवाला भाऊंनी सांगितल्याप्रमाणे बुचाला नाक लावलं, तेव्हा विकणारा माणूस जरा मागे सरकला. शेपटी थोडी झिजलेली होती, ३०० रुपयांत वेल्डिंग करून घेतली. १०० न्यूटनचं जॅकेट घेतलं. सोबतचं वल्हं लहान होतं, दर फटक्याला बोटं काठावर आपटत होती, म्हणून २४० सेंटिमीटरचं वेगळं घेतलं. खुर्ची म्हणून सध्या दुकानातली मोडकी प्लास्टिकची खुर्ची पाय कापून बांधली आहे. ह्यूस्टनकर, कंबर तीन तास थांबली नाही, दीड तासातच बोलली. खुर्चीचे पैसे राखून ठेवले आहेत.

उलटायची परीक्षा सातव्यांदा पास. माझ्याकडे हसायला म्हशीवाला नव्हता, बायको होती, आणि ती व्हिडिओ काढत होती.

संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो. चहा झाला. मरळीला हो म्हणाले, रोहू-कतला लागला तर परत पाण्यात, पिल्लांवरची मरळ नाही, आणि जाळं लावलेल्या आठवड्यात कयाक पाण्यात नाही. मी सगळ्याला मान डोलावली. मग ते कयाकभोवती एक फेरी मारून म्हणाले, "याच्यावर बीजाच्या पिशव्या किती मावतील?" आता बीज सोडायच्या दिवशी मी ड्रायव्हर आहे. मागच्या डिकीत चार पिशव्या, मांडीवर एक. पिशवी लगेच फोडायची नाही, आधी बांधलेलीच तलावात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग सोडायची. त्याआधी बीज टाकताना मी पारीवरूनच बघायचो, हे माहीत नव्हतं.

मरळ आतापर्यंत तीन. मोठी एक किलो चारशे. कमळाच्या कडेलाच, बेडकावर, आणि बसूनच. आदळली तेव्हा कयाक जाग्यावर फिरली आणि माझं तोंड गावाकडे झालं, बाकी सगळं नीट.

सावजी_रस्सा

एक किलो चारशे साफ करून की आधी?

गरीवाला_पवनी

आधी. डोक्यासकट. आमच्याकडे डोकं टाकत नाहीत.

डोंगावाला

अध्यक्षांनं सांगतलं मले. गुरुवारी तुडुमाजवळची (तलावाचं पाणी सोडाच्या तोंडाजवळची) बेशरम काढाची आहे, पाण्यातली. ट्यूबवरून कोयता चालवता येत नाही, ट्यूबच फाटते. तुमचा डोंगा लागन.

गरीवाला_पवनी

गुरुवारी दुकान असते भाऊ. रविवारी जमेल का?

डोंगावाला

रविवारी आमाले सुट्टी असते. कोयता तुमाले घ्यावा लागन, आमचे दोनच आहेत.